महाधमनीच्या भिंतीला रक्त कोण पुरवतं? सुरी, स्लाइड आणि थोडं गणित

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "एओर्टाच्या, म्हणजे महाधमनीच्या, भिंतीला रक्त कुठून मिळतं?" मी ठसक्यात सांगितलं, "सर, आतून वाहतंच आहे की!" सरांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला आणि स्लाइडच्या बाहेरच्या कडेवर पॉइंटर आणून ठेवला. तिथे लाल पेशींनी भरलेली इवलीशी गोल भोकं होती. "मग ही कशाला आहेत?" मला उत्तर देता आलं नाही.

आता मी प्रॅक्टिकल घेते आणि दर बॅचमध्ये निम्मी मुलं तेच उत्तर देतात. उरलेली निम्मी 'व्हासा व्हासोरम' एवढे दोन शब्द म्हणतात आणि गप्प होतात. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, बीएस्सी प्राणिशास्त्र, कोणीही करून पाहावं. दोन संध्याकाळी आणि प्रॅक्टिकलचा एक तास पुरतो.

आधी शब्दांचा हिशेब

'व्हासा व्हासोरम' हा लॅटिन शब्द, अर्थ रक्तवाहिन्यांच्या रक्तवाहिन्या. 'व्हासा' हेच अनेकवचन आहे, त्यामुळे 'व्हासाज' लिहू नका. भिंतीचे तीन थर: आतला इंटिमा, मधला मीडिया, बाहेरचा अ‍ॅडव्हेंटिशिया. इंटिमाच्या रक्ताकडच्या बाजूला एंडोथेलियमच्या पेशींचा एकेरी थर. मीडियात लवचिक पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, त्यांना लॅमेली म्हणायचं, आणि दोन पापुद्र्यांच्या फटीत स्नायुपेशी. हे पापुद्रे जिवंत नसतात, पण त्यांची डागडुजी करणाऱ्या स्नायुपेशी जिवंत असतात. ऑक्सिजन आणि ग्लुकोज लागतं ते त्यांना.

पहिली पायरी: चायना ग्रासची वडी

थेट स्लाइडकडे धावू नका. आधी स्वयंपाकघरात हा प्रयोग करा. चायना ग्रास पाण्यात उकळून घट्टसर थर लावा, थंड झाल्यावर जाड वड्या पाडा. एका वाटीत खायचा रंग गडद कालवून त्यात तीन वड्या पूर्ण बुडवा. एक १५ मिनिटांनी काढा, दुसरी १ तासाने, तिसरी ४ तासांनी. प्रत्येक वडी मधोमध कापून रंग कडेपासून किती आत शिरला ते पट्टीने मोजा.

आकडे तुमच्या वडीवर आणि रंगावर अवलंबून राहतील, पण त्यांच्यातलं नातं बघा. वेळ चौपट केला की खोली साधारण दुप्पट होते, चौपट नाही. विसरणाचा, म्हणजे डिफ्यूजनचा, स्वभावच असा आहे: अंतर दुप्पट तर वेळ चौपट, अंतर दहापट तर वेळ शंभरपट.

हेच ऑक्सिजनला लावा. पाण्यातला त्याचा विसरण गुणांक ढोबळ मानाने सेकंदाला ०.००००२ चौरस सेंटिमीटर. वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट. ०.१ मिलिमीटरला अडीच सेकंद. १ मिलिमीटरला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त. २ मिलिमीटरला १००० सेकंद, जवळजवळ सतरा मिनिटं. ऊतीत हे आणखी सावकाश होतं, शिवाय वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा काढून घेत असते. माणसाच्या छातीतल्या महाधमनीची भिंत दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. आतल्या रक्तावर तिची बाहेरची बाजू जगणार नाही, हे इथेच कळतं. वहीत हे गणित स्वतः करा. परीक्षेत आठवेल ते तेवढंच.

दुसरी पायरी: बोकडाचं हृदय

मटणाच्या दुकानात 'दिल द्या' म्हणालात तर वरच्या सगळ्या वाहिन्या छाटून हातात ठेवतील. 'नळी ठेवा' म्हणालात तर हाडाची नळी मिळेल, ती रश्श्यात घाला. हृदय आणि फुप्फुसं एकत्र, न तोडता हवी आहेत असं सांगा, आणि कशासाठी तेही सांगा. डॉक्टरकीच्या अभ्यासाला हवं म्हटल्यावर बहुतेक दुकानदार मनापासून मदत करतात. हातमोजे घाला, वेगळी सुरी घ्या, नंतर ती सुरी स्वयंपाकाला वापरू नका.

कडक कड्या असलेली नळी ही श्वासनलिका, ती बाजूला ठेवा. हृदयातून निघणाऱ्या दोन जाड वाहिन्यांपैकी जी कापल्यावरही तोंड उघडं ठेवून रबरासारखी उभी राहते ती महाधमनी. फुप्फुसधमनी तिच्यापेक्षा पातळ आणि मऊ. खात्री हवी असेल तर जाड भिंतीच्या डाव्या कप्प्यातून बोट वर घाला, ते महाधमनीतूनच बाहेर येईल. या दोघींना जोडणारी एक टणक पांढरी दोरी दिसली तर ती कापू नका, शेवटी लागणार आहे.

आता भिंग घ्या, किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळच्या फोटोच्या सेटिंगवर न्या. महाधमनीच्या बाहेरून चिकटलेल्या सैल, पांढुरक्या आवरणात केसासारखे लाल धागे फांद्या फोडत पसरलेले दिसतील. हेच ते. माल ताजा असेल तरच दिसतात. धुऊन बर्फात ठेवलेल्या हृदयात रक्त निघून गेलेलं असतं आणि मग तासभर शोधूनही काही सापडत नाही.

एक कडं आडवं कापून भिंतीची जाडी मोजा. मग चिमट्याने बाहेरचं आवरण सोला. ते सहज सुटतं आणि लाल धागे त्याच्याबरोबर निघून जातात. मागे राहतो पिवळसर, गुळगुळीत मीडिया. हा क्षण लक्षात ठेवा, पुढे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तो पुन्हा येणार आहे.

तिसरी पायरी: स्लाइड

४एक्सवर आधी दिशा ठरवा. चरबीच्या रिकाम्या दिसणाऱ्या गोल पेशी ज्या बाजूला, ती बाहेरची. हे न करता ४०एक्सवर उडी मारणारा विद्यार्थी हमखास उलट्या बाजूने मोजतो.

मग १०एक्सवर अ‍ॅडव्हेंटिशियात फिरा. व्हासा व्हासोरम ओळखायच्या तीन खुणा: गोल किंवा लांबट भोक, त्याला एंडोथेलियमची स्वच्छ कड, आत लाल पेशी. यातल्या लहान धमन्यांना स्नायूची गुलाबी कडा असते, शिरांना ती नसल्यासारखीच. फसवणारे तिघे आहेत. मज्जातंतूची जुडी गोल दिसते, पण तिला भोक नसतं आणि केंद्रकं नागमोडी असतात. लसिकावाहिनीची भिंत अगदी पातळ आणि वेडीवाकडी, आत सहसा लाल पेशी नाहीत. आणि स्लाइड कापताना पडलेली चीर: ती पापुद्र्यांना समांतर लांबच लांब जाते, कडेला पेशीच नसतात. या चिरेवर बाण काढून 'व्हासा व्हासोरम' लिहिलेली जर्नलं मी दरवर्षी परत करते.

आता खरं काम. व्हर्होफ रंगाने केलेली स्लाइड मागून घ्या, तीत लवचिक पापुद्रे काळे दिसतात. एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या, स्लाइडवर मोजणी म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. आतल्या कडेपासून बाहेर असे पापुद्रे मोजत जा आणि मीडियात पहिली केशवाहिनी कितव्या पापुद्र्यापाशी भेटते ते लिहा.

१९६७ साली वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह या दोघा संशोधकांनी वेगवेगळ्या आकाराच्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या अशाच मोजल्या. त्यांना आकडा मिळाला २९. ज्या प्राण्याच्या छातीतल्या महाधमनीत २९ पर्यंत पापुद्रे, तिच्या मीडियात वाहिन्या नाहीत. त्याहून जास्त असतील तर बाहेरच्या भागात वाहिन्या शिरलेल्या, आणि आतला पट्टा मात्र कोरडाच. हा आतला पट्टा साधारण अर्धा मिलिमीटर जाड. उंदराच्या महाधमनीत बोटांवर मोजण्याइतकेच पापुद्रे असतात, म्हणून तिच्या मीडियात वाहिन्या शोधत बसू नका. माणसाच्या छातीतल्या महाधमनीत पन्नासच्या वर असतात, म्हणून तिथे हव्यातच. तुमची मोजणी २५ आली किंवा ३४ आली तरी ती तशीच लिहा. काप तिरका गेला की आकडा हलतो. जर्नलमध्ये नेमकं २९ लिहिलेलं पाहिलं की मला संशय येतो.

चौथी पायरी: मधली शीव

इथे हुशार मुलं अडवतात. "मॅडम, केशवाहिनीपासून ऑक्सिजन ०.१ ते ०.२ मिलिमीटरच पोचतो असं शिकवलंत. मग आतला अर्धा मिलिमीटर वाहिनीशिवाय कसा जगतो?"

शंका रास्त आहे. ०.१–०.२ हा काही निसर्गाचा ठोकळेबाज नियम नाही. किती आत पोचेल हे दोन गोष्टी ठरवतात: सुरुवातीला दाब किती आणि वाटेत खाणारे किती. महाधमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ९५ ते १०० मिमी पारा, शरीरातला जवळपास सर्वात श्रीमंत साठा. आणि मीडियातल्या स्नायुपेशी धावणाऱ्या मांडीच्या स्नायूसारख्या खादाड नाहीत, त्यांचं मागणं माफक. साठा मोठा आणि खाणारे थोडे, म्हणून पल्ला वाढतो. याशिवाय आतला रक्तदाब थोडा द्रवही भिंतीतून बाहेर ढकलत असतो. मोठ्या रेणूंना या ढकलण्याची मदत होते, ऑक्सिजनला फारशी नाही.

कालव्यालगतच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कालव्याला चिकटून असलेल्या सऱ्या पाझरावर हिरव्या राहतात, लांबच्या वावराला चारीच काढावी लागते. दोन्हीच्या मधे एक पट्टा असतो, जिथे पाझर संपत आलेला आणि चारीचं पाणी पुरतं पोचलेलं नाही. पाऊस ओढला की पहिलं पीक तिथलं करपतं. महाधमनीत तो पट्टा मीडियाच्या मधोमध आहे, ऑक्सिजनचा दाब तिथे सर्वात खाली जातो. आकृती काढताना सगळे आत आणि बाहेर असे दोन बाण काढतात. तुम्ही मधला पट्टाही फिकट रंगवा. पुढे आजार वाचताना हा पट्टा आठवेल.

मग वाहिन्या थेट इंटिमापर्यंत का गेल्या नाहीत? कारण दाब. भिंतीच्या आतल्या कडेला रक्ताचा पूर्ण रेटा, समजा सरासरी १०० मिमी पारा. बाहेरच्या कडेला जवळजवळ शून्य. हा रेटा जाडीभर हळूहळू उतरत जातो. छोट्या वाहिनीच्या आतला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा बराच कमी असतो. ती जसजशी आत सरकेल तसतशी बाहेरून दाबली जाईल आणि एका ठिकाणी मिटेल. पडताळा पाहायचा तर शिरेची स्लाइड लावा. मोठ्या शिरेत आतला दाब जेमतेम, म्हणून तिच्या वाहिन्या इंटिमाच्या बऱ्याच जवळ जातात. तिला गरजही जास्त, कारण तिच्या पोकळीतलं रक्त ऑक्सिजन उधळून परत निघालेलं असतं.

नाळेची स्लाइड मिळाली तर तीही पाहा. तिच्या वाहिन्यांना व्हासा व्हासोरम नसतात, भोवती नुसती व्हार्टनची जेली.

पाचवी पायरी: पाणी कुठून आणलं

पाठ करण्याऐवजी 'शेजारची फांदी कोणती' एवढंच विचारा. हृदयातून वर चढणाऱ्या भागाला हृदयधमन्यांच्या आणि कमानीवरच्या मोठ्या फांद्यांच्या उपशाखा. कमानीला तिच्याच फांद्या. छातीत उतरणाऱ्या भागाला बरगड्यांमधल्या इंटरकॉस्टल धमन्या. पोटातल्या भागाला कमरेच्या लंबर आणि आतड्यांच्या मेसेंटेरिक धमन्यांच्या शाखा. म्हणजे महाधमनी आपल्याच मुलींकडून परत घेते. थोड्या वाहिन्या थेट पोकळीतूनही निघतात, त्यांना 'इंटर्नी' म्हणतात; फांद्यांतून येणाऱ्या त्या 'एक्स्टर्नी'. वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या छोट्या शिरा हा तिसरा गट, आणि आकृतीत हटकून विसरला जाणाराही हाच. व्हासा व्हासोरम कितपत मोठ्या वाहिनीला असतात असं विचारलं तर व्यास साधारण एक मिलिमीटरच्या वर असं सांगा. कवटीच्या आतल्या धमन्या याला मोठा अपवाद, त्यांना जन्मतः बहुतांशी नसतात.

सहावी पायरी: बिघाड वाचायला शिका

आजारांची यादी पाठ करू नका. प्रत्येक वेळी विचारा: चारी (व्हासा व्हासोरम) तुंबली, पाझर (आतल्या रक्तातून होणारं विसरण) अडला, की शेतच (भिंत) रुंद झालं?

चारी तुंबली याचं ठळक उदाहरण म्हणजे जुना सिफिलिस. लागण झाल्यावर कित्येक वर्षांनी, बहुधा दहा ते तीस, जंतूंमुळे व्हासा व्हासोरमच्या भिंती सुजून त्यांची पोकळी बुजते. मीडिया उपाशी पडतो, पापुद्रे तुटतात, जागोजाग व्रण आखडतात आणि आतला पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा सुरकुततो. हे मुख्यतः चढत्या महाधमनीत, कारण तिथे या वाहिन्यांचं जाळं दाट. पेनिसिलिननंतर हा आजार दुर्मिळ झाला, पण संग्रहालयातल्या बरणीत नमुना असतो आणि परीक्षक बरणीच पुढे करतात. कुत्र्यांवरच्या प्रयोगात इंटरकॉस्टल धमन्या बांधल्या तेव्हाही मीडिया मरत गेला, तेही सूत्र हेच.

शेत रुंद झालं याचं उदाहरण उच्च रक्तदाब. भिंत जाड होते, म्हणजे अंतर वाढतं, आणि वाढलेला रेटा वाहिन्या दाबतो. दोन्हीकडून मार.

पाझर अडला याचं उदाहरण इंटिमात साचणारा मेद, अथेरोस्क्लेरोसिस. इंटिमा फुगला की रक्त आणि मीडिया यांच्यातलं अंतर वाढतं. उपाशी पेशी मदतीचे रासायनिक संदेश सोडतात आणि बाहेरून नव्या केशवाहिन्या घाईघाईने आत येतात. कोएस्टर यांनी १८७६ सालीच अशा वाहिन्यांचं वर्णन केलं होतं. १९८४ मध्ये बार्जर आणि सहकाऱ्यांनी मानवी हृदयधमन्यांत त्या दाखवून विषय पुन्हा ऐरणीवर आणला. घाईत बांधलेल्या या वाहिन्या गळक्या असतात. मेदाच्या गोळ्यात रक्तस्राव झाला की तो एकाएकी मोठा होतो. उपाशी भागाला अन्न नेणारी वाटच घातक ठरते, म्हणून 'व्हासा व्हासोरम चांगल्या की वाईट' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ नका.

पोटातल्या महाधमनीबद्दल एक खूण. तिच्यात पापुद्रे तिशीच्या आसपास आणि मीडियात वाहिन्या फारच थोड्या, तरी मीडिया अर्ध्या मिलिमीटरहून जाड असू शकतो. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली महाधमनी फुगण्याचा आजार जास्त दिसतो, त्यामागच्या अनेक कारणांत हेही धरलं जातं. एकमेव कारण म्हणून लिहू नका, धूम्रपान आणि वय विसरून चालणार नाही.

बायपासचा मुद्दा तुमच्या पिढीला नक्की विचारतील. पायातली सॅफेनस शीर काढताना पूर्वापार पद्धतीत तिच्या भोवतीचं आवरण सोलून ती स्वच्छ केली जाते. दुसऱ्या पायरीत तुम्ही चिमट्याने काय केलं ते आठवा: आवरणाबरोबर लाल धागेही गेले. स्वीडनमध्ये ओरेब्रोच्या डोमिंगोस सोझा यांनी १९९०च्या दशकात शीर भोवतालच्या चरबीसकट, न ताणता काढण्याची पद्धत मांडली. 'नो-टच' या नावाने ती ओळखली जाते, आणि तिच्या फायद्याच्या कारणांत शाबूत राहिलेल्या व्हासा व्हासोरमचा क्रमांक वरचा आहे.

शेवटची पायरी: ती पांढरी दोरी

आता बोकडाचं हृदय पुन्हा पुढे घ्या. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी दोरी आडवी कापा. आत पोकळी नाही. पण बोकड पोटात होता तेव्हा ही उघडी वाहिनी होती, डक्टस आर्टेरिओसस. गर्भाची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात, तेव्हा रक्त इथून वळसा घेतं.

जन्मानंतर पहिल्या श्वासांनी रक्तातला ऑक्सिजन वाढतो, वाहिनी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन उतरतं आणि तिचे स्नायू आवळतात. आवळल्यावर भिंत जाड होते. आतून रक्त वाहायचं थांबतं, म्हणजे पाझर बंद. दाटीत व्हासा व्हासोरम दाबल्या जातात, म्हणजे चारीही बंद. भिंतीचा गाभा ऑक्सिजनविना मरू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत तिथे तंतूंची दोरी उरते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही भिंत इतकी पातळ असते की उरल्यासुरल्या प्रवाहातल्या रक्तावर ती तगून राहते. ती आवळली तरी गाभा उपाशी पडत नाही, म्हणून डक्टस पुन्हा उघडतो आणि नवजात विभागातल्या डॉक्टरांना औषधाने तो बंद करायचा प्रयत्न करावा लागतो. तोंडी परीक्षेत इथपर्यंत आलात की परीक्षक बहुधा पुढची स्लाइड लावतात.